नाइलाजातून घडलेली भीती: आजचे भयपट जुन्या स्वस्त सिनेमांना सलाम का करतात?

टाय वेस्ट या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'एक्स' (२०२२) सुरू होतो तेव्हा पडद्यावरचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. दोन्ही बाजूंना काळोख आणि मधोमध उन्हात उभं असलेलं टेक्ससमधलं एक जुनं शेतघर. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र असंच दिसायचं, त्यामुळे सगळा सिनेमा याच आकारात असेल असं आपण धरून चालतो. मग कॅमेरा सावकाश पुढे सरकतो आणि कळतं, कडेचा काळोख म्हणजे धान्याच्या कोठाराची आतली बाजू होती. आपण कोठारात उभे राहून उघड्या दारातून बाहेर बघत होतो. कॅमेरा दाराबाहेर पडतो, चित्र पूर्ण रुंदीला पसरतं आणि समोर पोलिसांची गाडी येऊन थांबते.

या एका शॉटमध्ये दिग्दर्शक दोन गोष्टी सांगून टाकतो. जुन्या सिनेमाचं रूप त्याला नीट ठाऊक आहे, आणि ते रूप तो स्वतःच्या मर्जीने घेतो आहे. ज्यांनी ते रूप पहिल्यांदा घडवलं त्यांच्याकडे मात्र ही मर्जी नव्हती. त्यांच्याकडे पैसे नव्हते, वेळ नव्हता, नट नव्हते, आणि जे हाताशी होतं त्यातून सिनेमा उभा करावा लागत होता. आजच्या भयपटांत ओरखडे, फिकट रंग, अचानक झूम होणारा कॅमेरा, सिंथेसायझरचं संगीत असं सगळं मुद्दाम पेरलेलं दिसतं. त्यातलं काय मनापासून आलंय आणि काय नुसती सजावट आहे, हे ओळखायचं तर मूळ नाइलाज कोणता होता ते आधी समजून घ्यावं लागतं.

विकायला काहीच नसेल तर काय विकायचं?

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत 'हेज कोड' नावाची नियमावली चालली. मोठ्या स्टुडिओंनी ती स्वतःच स्वतःवर लादून घेतली होती. पडद्यावर नग्नता नको, व्यसनं नकोत, रक्तपात नको, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, अशी भलीमोठी यादी. पण प्रेक्षकाचं कुतूहल नियमावलीने थोडंच संपतं? स्टुडिओ जे दाखवत नव्हते ते दाखवण्याचं आमिष घेऊन काही छोटे निर्माते गावोगाव फिरू लागले. नावाजलेले नट नाहीत, भव्य सेट नाहीत, पण एक सनसनाटी गोष्ट आहे, आणि संपूर्ण सिनेमा तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर विकायचा. एक्सप्लॉइटेशन सिनेमा म्हणतात तो हा.

१९४५ सालचा 'मॉम अँड डॅड' हा त्याचा नमुना. कुमारवयात गरोदर राहिलेल्या मुलीची गोष्ट आणि शेवटी खऱ्या बाळंतपणाची दृश्यं. निर्माता क्रोगर बॅब याने ती 'आरोग्यशिक्षण' म्हणून विकली. बायकांचे खेळ वेगळे, पुरुषांचे वेगळे. मध्यंतराच्या सुमारास एलियट फोर्ब्स नावाचे 'तज्ज्ञ' मंचावर येऊन भाषण देत आणि नंतर पुस्तिका विकल्या जात. एकाच वेळी अनेक गावांत अनेक एलियट फोर्ब्स भाषण देत असत, कारण असा माणूस मुळात अस्तित्वातच नव्हता. भाड्याने घेतलेले वक्ते ते नाव लावत.

मग १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्टुडिओंनी स्वतःची थिएटर्स बाळगून बाजार अडवू नये. हजारो थिएटर्सना स्टुडिओबाहेरचा माल घेण्याची मोकळीक मिळाली. त्यातच टीव्ही आला, मोठी माणसं घरी बसू लागली आणि गाडीत बसून सिनेमा बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटर्सची संख्या पन्नासच्या दशकाच्या अखेरीस चार हजारांवर गेली. तिथे येणारा प्रेक्षक म्हणजे मुख्यतः तरुण पोरं. त्यांना दर आठवड्याला नवं काहीतरी हवं होतं आणि ते पुरवायला अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या कंपन्या तयार होत्या. या कंपनीत अनेकदा आधी सिनेमाचं नाव आणि पोस्टर ठरे, थिएटरवाल्यांना ते आवडलं तर मगच पटकथा लिहायला घेत.

रॉजर कॉर्मन या पठ्ठ्याची कारकीर्द इथे बहरली. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या सिनेमाचं मुख्य चित्रीकरण त्याने उरलेल्या सेटवर दोन दिवसांत उरकलं. म्हातारा नट बोरिस कार्लोफ एकदा करारानुसार त्याला दोन दिवसांचं काम देणं लागत होता. कॉर्मनने ते दोन दिवस पीटर बोग्डानोविच या नवख्या तरुणाला देऊन टाकले: हे घे, आधीच्या एका सिनेमातले तुकडे घे आणि काहीतरी बनव. त्यातून 'टार्गेट्स' (१९६८) हा आजही अस्वस्थ करणारा सिनेमा झाला. फ्रान्सिस फोर्ड कोपोला, मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, जेम्स कॅमरून या सगळ्यांनी सुरुवातीची उमेदवारी कॉर्मनकडे केली. कॉर्मन २०२४ मध्ये ९८व्या वर्षी गेला तेव्हा हॉलिवूडच्या दोन पिढ्यांनी त्याला गुरू म्हणून आठवलं, आणि ते अगदी योग्य होतं.

या बाजारात भयपटाला सगळ्यात जास्त भाव का आला, तर तो बनवायला सगळ्यात कमी भांडवल लागतं. ओळखीचा नट नसला तर उलट फायदा, कारण कोण मरणार आणि कोण वाचणार याचा अंदाज लागत नाही. एक घर, एक जंगल, एक रात्र पुरते. अंधार फुकट मिळतो. हर्शेल गॉर्डन लुईसने १९६३ मध्ये मायामीत सुमारे २४,५०० डॉलरमध्ये 'ब्लड फीस्ट' बनवला, तोवर रंगीत पडद्यावर कुणी दाखवलं नव्हतं एवढं रक्त दाखवलं आणि थिएटरात प्रेक्षकांना ओकारीच्या पिशव्या वाटल्या. सिनेमा म्हणून तो अगदीच कच्चा आहे. पण रक्त हेच तिकीट विकण्याचं कारण होऊ शकतं हे त्याने दाखवून दिलं, आणि ती वाट पुन्हा बंद झाली नाही.

टेक्ससच्या उन्हाळ्यातला सिनेमा

नाइलाजाचं रूपात कसं रूपांतर होतं हे समजण्यासाठी टोबी हूपरचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४) याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चित्रीकरण १९७३ च्या भर उन्हाळ्यात, ऑस्टिनच्या जवळ एका जुन्या घरात झालं. खर्च दीड लाख डॉलरच्याही आत. पस्तीस मिलिमीटरची फिल्म परवडणारी नव्हती, म्हणून सोळा मिलिमीटरवर चित्रीकरण करून नंतर ते मोठं केलं गेलं. फिल्मवरचं चित्र रसायनाच्या बारीक कणांतून तयार होतं. छोटी चौकट थिएटरच्या पडद्याएवढी ताणली की ते कण डोळ्यांना दिसू लागतात, चित्र रवाळ आणि खरखरीत होतं. आणि त्या काळात बातम्यांचं आणि माहितीपटांचं चित्रीकरण सोळा मिलिमीटरवरच होत असे. त्यामुळे ही खरखर पाहिली की प्रेक्षकाला नकळत वाटे, हे खरं घडलेलं आहे. पैशांच्या टंचाईने सिनेमाला साक्षीपुराव्याचा चेहरा दिला.

सिनेमातलं ते कुप्रसिद्ध जेवणाचं दृश्य घ्या. नरभक्षक कुटुंबाच्या टेबलाशी मुलीला बांधून बसवलेलं आहे. त्यातल्या आजोबाचं काम करणारा नट खरं तर तरुण पोरगा होता. त्याला म्हातारं करणारा मेकअप चढवायला तासन्‌तास लागत, आणि पुन्हा ते सोसायला तो तयार नव्हता. म्हणून सगळं दृश्य एकाच बैठकीत संपवायचं ठरलं. ती बैठक एका दिवसाहून जास्त लांबली. दृश्य रात्रीचं असल्याने खिडक्या झाकलेल्या, आत दिव्यांची धग, बाहेर टेक्ससचं ऊन, टेबलावर सडत चाललेलं मांस, सजावटीला खरी हाडं. 'लेदरफेस' या करवतवाल्या खुन्याचं काम करणाऱ्या गनर हॅन्सनकडे एकच शर्ट होता आणि त्याला दिलेला रंग जाईल या भीतीने तो संपूर्ण चित्रीकरणभर धुतलाच गेला नाही. मुलीच्या बोटातून रक्त काढण्याच्या दृश्यात खोट्या रक्ताची नळी तुंबत राहिली, तेव्हा हॅन्सनने थकून खरंच बोट कापलं. त्या मुलीचं काम करणाऱ्या मॅरिलिन बर्न्सच्या डोळ्यांत जे वेड दिसतं ते पूर्णपणे अभिनयातून आलेलं नाही.

हे सगळं वाचून थरार वाटतो, पण मला त्याचा अभिमान वाटत नाही. ही माणसं राबवली गेली होती, आणि सिनेमाने अफाट धंदा केल्यावर त्यांच्या हाती फारच थोडं पडलं. वितरकाकडून यायचे ते पैसे नीट पोहोचलेच नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं. या प्रकारच्या सिनेमाबद्दल प्रेमाने बोलताना ही बाजू वगळता येत नाही.

आश्चर्य म्हणजे या सिनेमात रक्त फारच कमी दिसतं. हूपरला आशा होती की मुलांनाही पालकांसोबत बघता येईल असं प्रमाणपत्र मिळेल, म्हणून त्याने हिंसा बहुतेक चौकटीबाहेर ठेवली. ते प्रमाणपत्र मिळालं नाहीच, उलट ब्रिटनच्या सेन्सॉरने या सिनेमाला १९९९ पर्यंत प्रमाणपत्र दिलं नाही. माणसं शपथेवर सांगत की आम्ही करवत अंगात शिरताना पाहिली. त्यांनी पाहिलं होतं ते फक्त आवाज, घाम आणि किंकाळ्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे 'मोमा'ने, पुढे या सिनेमाची प्रत आपल्या संग्रहात घेतली.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'साठी (१९७८) मुखवटा बनवून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून दुकानातून 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दोनेक डॉलरचा मुखवटा आणून त्याला पांढरा रंग फासला. त्या कोऱ्या, भावहीन चेहऱ्याची भीती अजून ओसरलेली नाही. गोष्ट ऑक्टोबरातली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियाच्या वसंतात, म्हणून रंगवलेली वाळकी पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. संगीत कार्पेंटरने स्वतःच केलं, कारण वाद्यवृंद परवडत नव्हता. आज कुठल्याही भयपटात सिंथेसायझरची एकसुरी धून ऐकू आली की तिचं मूळ बरंचसं त्या टंचाईत असतं. सॅम रेमीने 'द ईव्हिल डेड'मध्ये (१९८१) कॅमेरा एका फळीला बांधला आणि दोघांनी ती दोन टोकांना धरून जंगलातून पळत नेली. रूळ आणि क्रेन असते तर अदृश्य भुताची ती धाव इतकी पिसाट झाली नसती.

ओरखडे कुणाचे?

न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर अशा सिनेमांची थिएटर्स रांगेने उभी होती. त्यांना ग्राइंडहाऊस म्हणत. सकाळपासून उशिरा रात्रीपर्यंत एकामागून एक खेळ चालू. तिकीट स्वस्त, बाहेर भडक पाट्या, आत कुणी झोपलेलं, कुणी पडद्याशी मोठ्याने भांडणारं. नव्वदच्या दशकात तो रस्ता नव्याने बांधून काढला गेला आणि तिथलं न्यू ॲम्स्टरडॅम थिएटर १९९७ मध्ये डिस्नेने संगीतनाटकांसाठी पुन्हा उघडलं.

अशा सिनेमाच्या प्रती मोजक्या असत. तीच प्रत या गावातून त्या गावात फिरे. प्रत्येक प्रोजेक्टरमधून जाताना फिल्मवर ओरखडा पडे. फिल्म तुटली की चालवणारा दोन टोकं जोडून टाकी आणि मधले काही क्षण कायमचे जात. बोलता बोलता पात्र एकदम खोलीच्या दुसऱ्या टोकाला दिसे ते यामुळे. रंगही टिकत नसत. स्वस्त रंगीत प्रतींत तीन रंगद्रव्यांपैकी निळसर थर बहुधा आधी उडे आणि उरलेलं चित्र गुलाबी-तांबूस होई.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. या सिनेमांच्या मूळ निगेटिव्हवर हे ओरखडे नव्हते. 'टेक्सस चेन सॉ' २०१४ मध्ये स्वच्छ करून कान महोत्सवात दाखवला गेला तेव्हा त्यातले रंग किती विचारपूर्वक वापरलेत हे अनेकांना पहिल्यांदा दिसलं. म्हणजे आजचा दिग्दर्शक जेव्हा संगणकाने ओरखडे घालतो तेव्हा तो जुना सिनेमा कसा बनवला याची नक्कल करत नसतो, तर तो थिएटरात कसा पाहिला गेला याची आठवण काढत असतो.

क्वेंटिन टॅरंटिनो आणि रॉबर्ट रॉड्रिगेझ यांचा 'ग्राइंडहाऊस' (२००७) ही अशीच आठवण. एका तिकिटात दोन सिनेमे, मध्ये अस्तित्वात नसलेल्या सिनेमांच्या जाहिराती, ऐन रंगात आलेल्या प्रसंगात 'रीळ हरवलंय' अशी पाटी. खर्च पाच कोटी डॉलरहून जास्त आणि अमेरिकेतली कमाई सुमारे अडीच कोटी. तीन तासांहून लांब कार्यक्रम होता आणि पहिला सिनेमा संपताच काही प्रेक्षक उठून गेले, कारण दोन सिनेमांच्या खेळाची सवयच राहिली नव्हती.

त्यातले दोन सिनेमे शेजारी ठेवून पाहिले की मानवंदनेचे दोन प्रकार स्पष्ट होतात. रॉड्रिगेझचा 'प्लॅनेट टेरर' डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि ओरखडे नंतर संगणकावर चढवले गेले. मजा येते, पण ती रूपाची मजा आहे. टॅरंटिनोच्या 'डेथ प्रूफ'मध्येही ओरखडे आहेत, पण उत्तरार्धात तो ते जवळजवळ सोडून देतो. तिथे झोई बेल ही न्यूझीलंडची स्टंटबाई स्वतःच्याच नावाने वावरते आणि धावत्या गाडीच्या बॉनेटवर पट्ट्यांना धरून पडते. संगणकाची करामत नाही, खरी गाडी, खरा वेग, खरं शरीर. जुन्या सिनेमात धोका खरा असायचा कारण तो खोटा करायला पैसे नसत. पैसे असूनही टॅरंटिनोने धोका खरा ठेवला, मात्र तो पेलणारी व्यक्ती या कामात मुरलेली होती. एरवी ज्यांचा चेहरा कधी दिसू दिला जात नाही, अशा स्टंट कलाकाराला त्याने नायिका केलं. मला ही मानवंदना कितीतरी मोठी वाटते. (त्या खोट्या जाहिरातींतून पुढे खरे सिनेमे निघाले. एली रॉथने स्वतःच्या जाहिरातीवरून 'थँक्सगिव्हिंग' तब्बल सोळा वर्षांनी, २०२३ मध्ये बनवला.)

एका सेटवर दोन सिनेमे

टाय वेस्टकडे परत येऊ. त्याने आधी 'द हाऊस ऑफ द डेव्हिल' (२००९) सोळा मिलिमीटरवर बनवला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, पिवळ्या ठसठशीत अक्षरांतली श्रेयनामावली, आणि प्रसिद्धीसाठी चक्क व्हीएचएस कॅसेटही काढलेली. त्या सिनेमात बराच वेळ काहीच घडत नाही. मुलगी कानाला वॉकमन लावून परक्या घरात फिरते, बस. जुन्या स्वस्त सिनेमांत असे रिकामे प्रसंग भरपूर असत, कारण चालण्याला खर्च येत नाही आणि सिनेमाची लांबी तर भरायची असते. वेस्टने त्या भरतीच्या मजकुराचा ताण म्हणून वापर केला.

'एक्स'ची गोष्ट १९७९ सालची. काही तरुण मंडळी टेक्ससमधल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतावर घर भाड्याने घेतात आणि गुपचूप अश्लील सिनेमा चित्रित करतात. त्यांच्यातल्या निर्मात्याला घरोघरी येऊ घातलेल्या व्हिडिओत पैसा दिसतोय, दिग्दर्शकाला वाटतंय की अशा सिनेमातही कला असू शकते. म्हणजे 'एक्स'मधली पात्रं तेच करताहेत जे हूपर आणि त्याची मंडळी १९७३ मध्ये करत होती: मोजके लोक, एक गाडी, एक घर, थोडी फिल्म आणि मोठी स्वप्नं. भयपट आणि अश्लील सिनेमा हे त्या काळात एकाच बाजारात, अनेकदा त्याच थिएटरांत, विकले जात. वेस्टने ते नातं लपवलं नाही.

चित्रीकरण झालं न्यूझीलंडमध्ये, कोविडच्या काळात. तिथे पोहोचल्यावर विलगीकरणात असताना वेस्ट आणि नायिका मिया गॉथ यांनी दुसऱ्या सिनेमाची कथा रचली, त्या म्हातारीच्या तरुणपणाची. ए२४ कंपनीने होकार दिला आणि 'एक्स' संपताच त्याच शेतावर, त्याच लोकांना घेऊन 'पर्ल' उभा राहिला. प्रेक्षकांना 'एक्स'च्या प्रदर्शनापर्यंत याचा पत्ता नव्हता. माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात प्रामाणिक मानवंदना हीच. सेट उभा आहे, माणसं हजर आहेत, मग आणखी एक सिनेमा करून घेऊ, हा शुद्ध कॉर्मनचा हिशेब आहे. कोपोलाने १९६३ मध्ये 'डिमेन्शिया १३' असाच, कॉर्मनच्या दुसऱ्या सिनेमासाठी परदेशात गेलेला असताना, उरलेल्या पैशांत आयर्लंडमध्ये केला होता.

'पर्ल' दिसायला मात्र पूर्ण उलटा आहे. गडद लाल, निळं आकाश, भरगच्च वाद्यवृंद. गोष्ट १९१८ सालची, आणि तेव्हा रंगीत बोलपट नव्हतेच. तीन रंगांचं टेक्निकलर यायला तीसचं दशक उजाडावं लागलं. पण पर्ल ही सिनेमाने झपाटलेली शेतकऱ्याची मुलगी आहे, आणि तिला स्वतःचं आयुष्य जसं हवंय तसे ते रंग आहेत. महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत घरात कोंडली गेलेली ही मुलगी. तिचं कोंडलेपण लिहिणारी माणसंही तेव्हा खोलीत कोंडलेली होती. शेवटी ती हसते आणि तिचं हसू श्रेयनामावली वर सरकत असताना तसंच ताणलेलं राहतं. डोळ्यांत पाणी, गाल थरथरताहेत. एक चेहरा आणि एक कॅमेरा, यापलीकडे त्या शॉटला काही लागलेलं नाही.

मॅक्सीन ही 'एक्स'ची नायिका आणि ती म्हातारी, दोन्ही भूमिका मिया गॉथच करते. जुन्या भयपटांचा एक अलिखित नियम होता: मौजमजा करणारी मुलगी मरते, 'चांगली' मुलगी वाचते. अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये या शेवटी उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' असं नाव दिलं. वेस्टने नियम उलटवला. इथे अश्लील सिनेमात काम करणारी मुलगी वाचते, आणि तिच्यावर धावून येते ती तारुण्य, इच्छा, संधी सगळं हातातून निसटलेली बाई. दोघींचा चेहरा एकच असल्याने मारणारी आणि वाचणारी यांच्यात फक्त वयाचं अंतर उरतं.

तिसऱ्या 'मॅक्सीन'मध्ये (२०२४) पैसा जास्त आहे आणि पकड कमी. १९८५ चं लॉस एंजेलिस, 'सायको'तलं प्रसिद्ध घर, 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये (१९८०) बळी पडलेला केव्हिन बेकन आता गुप्तहेराच्या भूमिकेत. संदर्भ ओळखण्याचा आनंद मिळतो, पण नाइलाज कुठेच नाही, आणि भीतीही फारशी नाही.

जुन्या पापांचा हिशेब

या सिनेमांत बायकांच्या शरीराचा जो वापर झाला तो आजच्या काही दिग्दर्शिकांनी नेमका पकडला आहे. कोराली फार्जाच्या 'रिव्हेंज'मध्ये (२०१७) सुरुवातीला कॅमेरा नायिकेकडे तसाच आशाळभूतपणे बघतो जसा सत्तरच्या दशकातल्या सूडपटांत बघायचा. अत्याचारानंतर ती नजर हळूहळू सरकते, आणि शेवटी त्या आलिशान घरात विवस्त्र, रक्तबंबाळ अवस्थेत धावत असतो तो पुरुष.

प्रानो बेली-बाँडच्या 'सेन्सॉर'ला (२०२१) ब्रिटनचा इतिहास आहे. ऐंशीच्या सुरुवातीला तिथे व्हिडिओ कॅसेटवर काहीही बिनधास्त मिळत असे. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने खटला भरण्याजोग्या सिनेमांची यादी काढली, तीत वेळोवेळी मिळून ७२ नावं आली, आणि १९८४ मध्ये कायदा झाला. ती यादी तरुण पोरांनी काय काय पाहायचं याची यादी म्हणून वापरली. 'सेन्सॉर'ची नायिका एनिड हे सिनेमे कापायचं काम करते आणि एका सिनेमात तिला आपल्या हरवलेल्या बहिणीचा भास होतो. मग तिचं जग हळूहळू व्हिडिओसारखं होत जातं, पडद्यावरची चौकटसुद्धा आक्रसत जाते. हे सिनेमे पाहून माणसं बिघडतात का, या जुन्या वादाचं सोपं उत्तर बेली-बाँड देत नाही, आणि म्हणून तो सिनेमा मला फार आवडतो.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात, कारण तिच्यावर स्वतंत्र लेख हवा. रामसे बंधूंचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरच्या एका विश्रामगृहात चित्रित झाला. कॅमेरा एका भावाकडे, आवाज दुसऱ्याकडे, संकलन तिसऱ्याकडे, दिग्दर्शन आणखी दोघांकडे. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या कितीतरी किंकाळ्यांचा साक्षीदार आहे. हिशेब तोच, कॉर्मनचा. पण या जगाकडे वळून गंभीरपणे पाहणारे सिनेमे आपल्याकडे अगदी कमी. अशिम अहलुवालियाचा 'मिस लव्हली' (२०१२) हा ठळक अपवाद. ऐंशीच्या दशकातल्या मुंबईत चोरटे भय-शृंगारपट बनवणाऱ्या दोन भावांची ती गोष्ट कानमध्ये दाखवली गेली. तो भयपट नाही, पण त्या धंद्यात माणसं कशी वापरली गेली हे त्यात जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडे दिसत नाही.

रूपाचे नव्हे, धंद्याचे वारस

शेवटी एक असं उदाहरण जे जुन्या सिनेमासारखं दिसण्याचा फारसा आटापिटा करत नाही, पण त्याच्यासारखं जगतं. डेमियन लिओनी हा दिग्दर्शक स्वतःच रक्तमांसाचे इफेक्ट्स घडवतो. त्याचा 'टेरिफायर २' (२०२२) प्रेक्षकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करून, सुमारे अडीच लाख डॉलरमध्ये झाला. सिनेमा पाहताना माणसं चक्कर येऊन पडली, ओकली, अशा बातम्या आल्या आणि त्या बातम्यांनीच तिकिटं खपवली. साठ वर्षांपूर्वीच्या ओकारीच्या पिशव्यांचं काम आता सोशल मीडियाने केलं. कमाई दीड कोटी डॉलरवर गेली. 'टेरिफायर ३' (२०२४) सुमारे वीस लाख डॉलरमध्ये झाला, सेन्सॉरचं प्रमाणपत्र न घेता प्रदर्शित झाला, आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेच्या तिकीटबारीवर प्रचंड खर्चाच्या 'जोकर'च्या दुसऱ्या भागाला मागे टाकून पहिला आला. जगभरातली कमाई सुमारे नऊ कोटी डॉलर.

लिओनीने वारसा घेतला तो सगळ्याच्या सगळा. हाताने घडवलेले इफेक्ट्स, स्टुडिओला न जुमानणं, प्रेक्षकाशी थेट व्यवहार, आणि बायकांच्या शरीरावर रेंगाळणारं क्रौर्यही. पहिल्या 'टेरिफायर'मधला (२०१६) करवतीचा प्रसंग मला आजही निव्वळ हिडीस वाटतो. हूपरने तीच करवत चौकटीबाहेर ठेवून जे साधलं ते लिओनीला चौकटीच्या मधोमध ठेवून साधलेलं नाही.

कुणाला हा प्रवास स्वतः करून पाहायचा असेल तर आधी 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' पाहावा, शक्यतो स्वच्छ केलेली प्रत, आणि रक्त खरंच किती दिसतं याकडे लक्ष ठेवावं. मग 'एक्स' आणि लगोलग 'पर्ल', याच क्रमाने. त्यानंतर 'सेन्सॉर'. 'डेथ प्रूफ' सुटा मिळतो, पण त्याचा पूर्वार्ध कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये, झोई बेल उत्तरार्धात येते.